खाडीचं पाणी शेतात शिरलं, आता सजीव-निर्जीव घटक कुठल्या रकान्यात लिहायचे?

खारेपाटाची_लेक

नमस्कार मंडळी. पुतणी आठवीत आहे, शाळेत परिसंस्था चालू आहे आणि बाईंनी सांगितलंय घराजवळची एक जागा निवडा आणि तिथले जैविक आणि अजैविक घटक दोन रकान्यांत लिहून आणा. बाकीची पोरं तळं नाहीतर बाग घेणार, ही म्हणाली आपण खाडीकडचं शेत घेऊया. शेत आता नावालाच. पेण-अलिबागकडचा खारेपाट, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतं, ज्यांनी बघितलाय त्यांना लगेच कळेल, बाहेरच्या बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, ती वेळेवर भरली गेली नाही, मग दर उधाणाला खारं पाणी आत, आधी भात गेलं, मग गवत गेलं आणि आता तिथे माझ्या डोक्यावर जातील एवढी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभी आहेत.

तिनं अजैविकमध्ये लिहिलंय ऊन, पाणी, मीठ, चिखल, वारा. जैविकमध्ये तिवर, चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, बगळे, माणूस. इथवर ठीक. आता मला विचारते, आत्या चिखल खरंच निर्जीव आहे का, मग त्याला वास कसला येतो? आणि बांध कुठे लिहू, तो तर मातीचा पण केला माणसांनी. मी काय सांगू? शिवाय माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे, शेत गेलं ते मिठानं की बांध बघणारी माणसं मुंबईला गेली म्हणून?

मास्तर_निवृत्त

ताई, मार्कांपुरतं उत्तर सोपं आहे. मृदा अजैविक, बांध मानवनिर्मित अजैविक, पुढे चला. पण पोरगी विचारतेय ते त्याच्या पलीकडचं आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

परिसंस्था ही कल्पना १९३५ साली आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं मांडली. त्याचा मुद्दाच हा होता की झाडंप्राणी एकीकडे आणि हवामान-माती दुसरीकडे असं वेगळं करून अभ्यास केला तर हाती काही लागत नाही, दोन्ही मिळून एकच व्यवस्था असते. आणि आपण काय केलं, त्याचं नाव धड्याला दिलं आणि पहिल्याच पानावर दोन रकाने आखले. मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच शिकवलं, पेपर तसाच यायचा.

माझं मत, रकाने राहू देत पण मधे जागा सोडा आणि बाण काढायला लावा. कोण कुणावर काय करतंय ते बाणावर लिहायचं. मिठापासून भाताकडे बाण सगळे काढतील, तिवरापासून चिखलाकडे उलटा बाण निघतो का ते बघा.

तिवर_तिवर

निघतो की! आणि तोच जास्त मजेचा आहे.

आधी वासाचं सांगते. खाडीचा चिखल हातभर उकरला तर वरचा अगदी पातळ थर तपकिरी असतो आणि खाली एकदम काळा. वरच्या थराला हवेतला ऑक्सिजन मिळतो, खाली मिळत नाही. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि खालचे जीवाणू ऑक्सिजनऐवजी ते वापरून कुजलेला पाला खातात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच कुजक्या अंड्याचा वास, आणि मातीतल्या लोखंडाशी जुळून लोहाचं सल्फाइड झालं की चिखल काळा दिसतो. म्हणजे वास आणि रंग दोन्ही जिवंत जीवांचं काम. पुतणीला सांगा तिचं नाक बरोबर आहे, चिखल दोन्ही रकान्यांत जातो.

आता उलटा बाण. तिवराच्या बुंध्याभोवती जमिनीतून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या बघितल्या असतील, ती श्वसनमुळं. त्यातून हवा खाली मुळांपर्यंत जाते आणि थोडी बाहेरच्या चिखलातही झिरपते. चिंबोऱ्यांची बिळं तेच करतात, भरतीचं पाणी आणि हवा खोलवर नेतात. शिवाय त्या काड्यांच्या गर्दीत पाण्याचा वेग कमी होतो, गाळ खाली बसतो, जमीन हळूहळू उंच होते. जमीन उंच झाली की तिथे पाणी कमी वेळ थांबतं, म्हणजे खारटपणाचं आणि ओलीचं गणितच बदललं. तिवर आला म्हणून जागा बदलली, ती बदलली म्हणून पुढचं झाड तिथे येऊ शकतं किंवा येऊ शकत नाही.

तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. पानातल्या ग्रंथींतून तो मीठ बाहेर टाकतो, उन्हात पानावर कण दिसतात. कांदळ ही दुसरी खारफुटी, त्याची रीत वेगळी, तो मुळाशीच बरंचसं मीठ अडवतो.

संकासुर

छान छान. पण शेवटी ठरवलं कुणी? मिठानं. मीठ आलं भात मेला, मीठ सोसणारा तिवर जगला. निर्जीव घटक मालक, सजीव घटक नोकर. उगाच बाणबिण काढून पोरीचा गोंधळ करू नका.

जिताडा_प्रेमी

संकासुर, तुम्ही खारेपाटात भात लावलेलं दिसत नाही.

आमच्या जमिनीत मीठ कधी नव्हतं? बांध शाबूत होता तेव्हाही होतं. मे महिन्यात शेताला भेगा पडतात, खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं, वाफ होऊन जातं आणि वर पांढरी पापडी राहते. मग जून-जुलैचा पाऊस ते मीठ विरघळवतो, ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडायची की खारवट पाणी खाडीत आणि भरती लागायच्या आत उघाडी बंद, आत पावसाचं गोडं पाणी ठेवायचं. दोन-चार जोरदार सरींत मीठ उतरलं की मग रहू पेरायचा, म्हणजे मोड आलेलं बी. आधी पेरलंत तर गेलं. भाताचं असं आहे की रोप लहान असताना आणि नंतर फुलोऱ्यात, या दोन वेळी त्याला मीठ अजिबात चालत नाही, मधल्या काळात बऱ्यापैकी सोसतो.

आता गंमत बघा. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सगळा पडला, सरासरी गाठली, पेपरात समाधानकारक म्हणून आलं, पण नेमका भात फुलोऱ्यात असताना पंधरा दिवस उघडीप दिली तर मीठ परत वर येतं आणि दाणा भरत नाही, लोंब्या पळींज, म्हणजे पोकळ. त्याच वर्षी डोंगराकडच्या गावात तोच पाऊस पडून पीक उत्तम. म्हणजे मीठ किती, पाऊस किती हा प्रश्नच नाही, कधी हा प्रश्न आहे. पुतणीच्या दोन रकान्यांत 'कधी' लिहायला जागाच नाहीये, माझी तक्रार आहे ती ही.

आणि जुने लोक राता लावायचे, लाल तांदूळ, काळा राता भुरा राता, ते खारट सोसायचे. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं पनवेल १, २, ३ अशा जाती दिल्या. तेव्हा नोकर म्हणताय तो सजीव घटक पण निवडून निवडून तयार केलेला आहे.

खारेपाटाची_लेक

काका अगदी अगदी. आजी म्हणायची उघाडीवर झोपणारा माणूस पाहिजे. त्याचा अर्थ आत्ता लागतोय.

दर्यावर्दी_मालवण

गो बाय, आमच्या मालवणाक ये आणि पोराक सुकतीक, म्हणजे ओहोटीक, खडपार घेवन जा. उधाणाची सुकती लागली की खडप उघडा पडता आणि पट्टे पट्टे दिसतत. वरच्या अंगाक बारीक पांढरी टोकदार कवचां, पायाक कापतत ती. तेच्या खाली कालवां. तेच्या खाली शेवाळ. रेघ मारल्यासारखी वाटणी. आमच्या बायका कालवां काढूक जातत त्यांका डोळे झाकून म्हायती आसा खयच्या पट्ट्यात काय गावता. वरच्यांका तासन्‌तास ऊन, खालच्यांका जरासाच. मगे सांगा संकासुरांनू, ह्या पण सगळा उन्हान ठरवल्यान?

मास्तर_निवृत्त

दर्यावर्दी, तुम्ही जो प्रश्न विचारलात त्याच्यावर जगातला एक गाजलेला प्रयोग आहे आणि तो अगदी अशाच खडपावर झालाय, फक्त स्कॉटलंडमध्ये.

जोसेफ कॉनेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं कम्ब्रे बेटाच्या किनाऱ्यावर ही टोकदार कवचंवाली मंडळी, बार्नेकल म्हणतात त्यांना, त्यांच्या दोन जाती बघितल्या. एक वरच्या पट्ट्यात, दुसरी खालच्या. सगळे समजत होते की ज्याला त्याला आपापला पट्टा मानवतो म्हणून. यानं काय केलं, वरच्या जातीची पिल्लं बसलेले दगड खाली नेऊन ठेवले आणि काही ठिकाणी खालची जात खरवडून काढली. खालची जात नसेल तिथे वरची जात खालीही मजेत जगली. जिथे खालची जात होती तिथे तिनं वरचीला चिरडलं, उचकटलं, तिच्यावर वाढून बसली. उलट खालची जात वर जाऊ शकत नव्हती कारण तिथे ती वाळून मरत होती. १९६१ साली हे छापून आलं.

म्हणजे वरची हद्द ऊन आणि सुकणं ठरवतं, खालची हद्द शेजारी ठरवतो. संकासुर अर्धे बरोबर आहेत, वरच्या अर्ध्यात.

संकासुर

अर्धे मार्क घेतले 😄 पण मग खारेपाटात तिवर गोड्या पाण्यात का येत नाही? तिथे पण शेजारीच?

तिवर_तिवर

बऱ्याच अंशी हो! तिवराची रोपं कमी खारट पाण्यातही चांगली वाढतात, त्यांना मीठ लागतंच असं नाही, ते सोसतात. गोड्या जागी भराभर वाढणारं गवत आणि इतर झाडं त्यांना जागा देत नाहीत. खारट चिखलात बाकीचे येऊच शकत नाहीत म्हणून तिथे ह्यांचं राज्य. तुमचं मीठ इथे मालक कमी आणि दारवान जास्त आहे.

जिताडा_प्रेमी

जाता जाता, त्याच उघाडीतून पावसाळ्यात जिताड्याची बारकी पिल्लं आत येतात आणि शेतातल्या तळ्यात गोड्या पाण्यात वाढतात. अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातच जावं लागतं. आणि हा मासा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. खाण्याचा विषय वेगळा धागा काढा, इथे सुरू केला तर रात्र जाईल.

कातळावरचा

रत्नागिरीहून. तुमच्याकडे मीठ तसं आमच्या सड्यावर माती, म्हणजे तिचं नसणं. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर माती कुठे बोटभर कुठे तीही नाही. मेमध्ये पाय ठेववत नाही इतका तापतो आणि जूनपासून तीन हजार मिलिमीटर पाऊस त्याच दगडावर. पाणी जे काही खत असेल ते धुवून नेतं. नत्र जवळजवळ नाहीच.

लोक म्हणतात ओसाड आहे, कुठलाही प्रकल्प आणा म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये या जरा. सीतेची आसवं नावाची फुलं जांभळी निळी पसरलेली असतात, आणि ती मांसाहारी आहेत! मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे असतात त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव झटकन ओढून घेतात. शेजारी दवबिंदू नावाचं रोप, त्याच्या पानावर चिकट थेंब, त्यात चिलटं अडकतात. दोघींनाही मातीतून नत्र मिळत नाही म्हणून ते किड्यांतून काढतात. हा माझा आवडता बाण, निर्जीव दगडाच्या दारिद्र्यानं झाडाला शिकारी केलं. पहिल्या पावसात पांढरी दीपकाडी येते, ती तर कोकणाबाहेर शोधून सापडत नाही.

आणि जिताडावाल्या काकांचं 'कधी' इथेही लागू. सड्यावरच्या डबक्यांत पाणी चार महिने. तेवढ्यात बेडूकमाशाला पाय फुटून बाहेर पडायचं असतं. काही बारीक झिंग्यासारखे जीव तर अंडी घालून मोकळे होतात आणि ती अंडी उरलेले आठ महिने तापलेल्या धुळीत सुकी पडून राहतात, पाणी आलं की फुटतात. ती अंडी मार्चमध्ये कुठल्या रकान्यात टाकणार सांगा.

आंबेवाला_देवगड

हापूसचं पण तेच, डिसेंबरात रात्री गारठा पडला तर मोहोर, नाही पडला तर पालवी. गारठ्यानंतर ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी. फवारणीवाले येतातच मग. गारठा किती पडला यापेक्षा पालवी पिकायच्या आधी पडला की नंतर यावर सगळं. बाकी चालू द्या, वाचतोय.

श्रीवर्धनची_वाडी

वाऱ्याबद्दल कुणी लिहिलंच नाही म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात नारळी पोफळी आडव्या झाल्या. लोकांना वाटतं सुपारी गेली तेवढंच नुकसान. अहो सुपारीच्या सावलीत जायफळ, मिरी, विड्याची पानं असतात, ती वादळातून वाचलेली सुद्धा पुढच्या उन्हाळ्यात करपली. वाडीतली जमीन सतत ओलसर गार असायची ती तडकायला लागली. म्हणजे पोफळ जिवंत असते तेव्हा ती मिरीसाठी सावली आणि गारवा असते, हवामानाचाच भाग. एका झाडाचं हवामान दुसरं झाड असतं हे मला त्या वर्षी पटलं. नवी पोफळ लावली तर फळाला यायला पाच-सात वर्षं, तोवर केळी लावून सावली धरतोय.

खारेपाटाची_लेक

किती लिहिलंत सगळ्यांनी. पुतणीनं रकाने खोडले आणि मोठा कागद घेऊन बाण काढत बसलीये, आईचं जेवायला बोलावणं चौथ्यांदा झालं.

पण माझा प्रश्न राहिलाच, माणसांचा.

जिताडा_प्रेमी

लेकी, खरं सांगू का, मला ह्या धाग्यातलं तिवराचं कौतुक जरा टोचलं. झाड चांगलं आहे, मान्य. २०२० मध्ये राज्यानं पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष केलं तेही ठीक. पण ज्याचा सातबारा त्या चिखलाखाली गेला त्याला विचारा. बांध सरकारी योजनेतला असेल तर दुरुस्तीची वाट बघत बसायचं, आणि तोवर तिवर उगवला की तोडता येत नाही, हायकोर्टानं २००५ मध्ये आणि परत २०१८ मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातलीये. पूर्वी खांड पडली की रात्री हाकारा, सगळा गाव चिखल-पेंढा घेऊन बांधावर, पुढच्या भरतीच्या आत भरायची. एका उधाणात हातभर असते ती दुसऱ्या उधाणात चार हात होते. आता गावात कोण आहे? साठीतली माणसं आणि शाळेतली पोरं.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर, मीठ दोनशे वर्षं बाहेर उभंच होतं. आत आलं ते दोन भरत्यांच्या मधे बांधावर कुणी नव्हतं म्हणून.

तिवर_तिवर

काका, तुमचा राग योग्य आहे आणि मी तिवर तोडा म्हणणार नाही हेही तुम्हाला माहितीये. एकच गोष्ट जोडते. आता बांध घातला तरी उद्या भात येणार नाही. तो काळा चिखल सुकला, हवा लागली की त्यातल्या सल्फाइडचं गंधकाम्ल होतं, माती आंबट होते, काही पावसाळे धुवायला जातात. ज्या जागी बांध अजून तग धरून आहे तिथे बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला तिवराचा पट्टा ठेवला तर लाटेचा मार बांधावर कमी बसतो. आत भात, बाहेर तिवर. दोघांचं भांडण जागेचं आहे, तत्त्वाचं नाही.

जिताडा_प्रेमी

बाहेर ठेवा की, कोण नको म्हणतंय. आमच्या आज्यांनी पण बाहेरचा तिवर कधी साफ केला नव्हता, सरपणापुरती फांदी तोडायचे.

संकासुर

मी पण मालक-नोकर मागे घेत नाही, पण मालकाला वेळापत्रक पाळायला लागतं हे मान्य.

खारेपाटाची_लेक

शेवटचं विचारते. पुतणीला पाण्याचा खारटपणा मोजायचाय, खांडीजवळ, तिवरांत आणि वरच्या विहिरीत. यंत्र नाही. घरच्या घरी जमेल?

मास्तर_निवृत्त

जमेल. तीन स्वच्छ बाटल्या, प्रत्येक जागचं पाणी, जागा तारीख तिथी लिहून. गाळ बसू द्या, वरचं १०० मिलिलिटर पाणी मोजून स्टीलच्या लहान पातेल्यात मंद आचेवर आटवा, शेवटी गॅस बंद करून उन्हात पूर्ण सुकवा नाहीतर मीठ तडतडून उडतं. पातेलं आधी आणि नंतर ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तोला. भर समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १०० मिलिलिटरला साडेतीन. तुमचं त्याच्या किती खाली येतं बघा. मे महिन्यात खाडीचा खारटपणा समुद्राच्या जवळपास पोचतो, जुलैत वरचं पाणी जवळजवळ गोडं, म्हणून एकदाच मोजून थांबू नका.

दर्यावर्दी_मालवण

आणि भांगाक, म्हणजे बारक्या भरतीक, मोजू नुको. अष्टमीच्या आजूबाजूक पाणी खांडीत धड चढूचाच नाय.

जिताडा_प्रेमी

बरोबर. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी मोठं उधाण असतं, अलिबागकडे भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान. भरती पूर्ण चढली की एक बाटली आणि त्याच जागी संध्याकाळी ओहोटीला दुसरी. पोरीला एकटीला पाठवू नको, खांडीच्या तोंडाशी चिखल कमरेएवढा आहे आणि ओढ असते. मी रविवारी येतो, लांब बांबू आणि दोरी घेऊन.

खारेपाटाची_लेक

या काका. पंचांग बघितलं, पौर्णिमा शुक्रवारी आहे, म्हणजे रविवार जमतोय. बाटल्या धुवून ठेवते.